पुस्तकातल्या मापाखाली

काडतुसे घरी भरायला शिकावे, ही कल्पना क्लेम पेनहेलची नव्हती आणि माझीही नव्हती. ती त्याच्या मुलीची, जनेलची होती; आणि जनेलने पन्नाशी उलटेपर्यंत बंदूक कधी हातात धरलेली नव्हती. शाळेची बस चालविणे, बापाचे जेवणखाण पाहणे आणि शनिवारी त्याला नेमबाजीच्या क्लबच्या मैदानावर सोडून गाडीत विणकाम करीत बसणे, एवढाच तिचा त्या खेळाशी संबंध होता.

गेल्या उन्हाळ्यात क्लेमचा उजवा खांदा झिजून निकामी झाला आणि ॲडलेडच्या डॉक्टरांनी तो काढून धातूचा बसविला. बंदूक आता सोडावी, असे त्यांनी सांगितले. क्लेमने मान डोलावली, घरी आला, आणि जखम भरताच पुन्हा मैदानावर येऊन उभा राहिला. पहिल्याच बाराला त्याचा चेहरा असा झाला, की आम्ही सगळे दुसरीकडे पाहू लागलो.

डाव्या खांद्यावरून का मारीत नाही, असे विचारणारे पुष्कळ भेटले. अशा माणसांनी नेमबाजी लांबूनच पाहिलेली असते. नेम डोळा धरतो, खांदा नव्हे. आणि क्लेमचा नेम धरणारा डोळा उजवा. तरीही बिचाऱ्याने करून पाहिले. हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या राहिल्या बाजूला, आकाशालादेखील काही लागले असेल असे वाटत नाही. दस्त्याला रबराची जाड गादी लावून पाहिली, दस्त्याच्या पोटात शिसे भरून बंदूक जड करून पाहिली. जे करण्यासारखे होते ते सर्व झाले. काडतूस तेवढे राहिले होते.

क्लेमला दुसरे काही का सुचू नये, हाही प्रश्न न्याय्य आहे. पण बायको गेल्यापासून तो माणूस सोमवार ते शुक्रवार कोणाशी दहा वाक्ये बोलत नसे. बार्लीची शेते त्याने जावयासारख्या वागणाऱ्या एका भाडेकऱ्याला दिली होती, मासेमारी त्याला कंटाळवाणी वाटे, आणि चर्चमध्ये तो फक्त अंत्यविधीला जाई. शनिवारी मात्र तो पाच जणांच्या ओळीत उभा राहून 'पुल!' म्हणून ओरडे, मातीची तबकडी वाऱ्यावर उडे, आणि उरलेल्या आठवड्याला एक कारण मिळे. ते कारण टिकावे, एवढेच जनेलला हवे होते.

मार्चमधल्या एका सकाळी ती माझ्या शेडच्या दारात उभी राहिली.

"विल्फ, तुझं ते काडतुसं भरायचं जुनं यंत्र पडून आहे ना? ते मला दे."

"तुला? अगं, तुझ्या बाबाला तो दांडा ओढवणार नाही. एका काडतुसाला पाच-सहा वेळा खाली ओढावा लागतो, आणि तोही उजव्या हाताने."

"बाबासाठी मागत नाहीये. माझ्यासाठी."

"तू घरात उंदराला सापळा लावू देत नाहीस."

"उंदरांचं नंतर बघू. दुकानातलं काडतूस त्याला सोसत नाही. घरी भरलं तर हलकं भरता येतं, असं तूच क्लबात सगळ्यांचे कान किटवून सांगत असतोस. येतं ना?"

"येतं."

"मग शिकव की. भाषण दे हवं तर आधी, मी ऐकून घेईन."

कायद्याने परवाना लागतो, म्हणून तिने आधी परवाना काढला. परवान्यासाठी जो वर्ग करावा लागतो, तिथे शिकविणाऱ्याने विचारले, की बाई, तुम्ही कोणत्या प्रकारची नेमबाजी करणार? ती म्हणाली, "कुठलीच नाही. मी फक्त स्वयंपाकघर सांभाळणार." तो बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला, असे तिनेच मला सांगितले.

ते यंत्र आम्ही क्लेमच्या शेडमध्ये जाड फळीवर पक्के बसविले. मी आयुष्यभर बंदरावरच्या धान्यकोठारात वजनकाट्यावर काम केले आहे. माप म्हणजे काय हे मला शिकवावे लागत नाही, आणि दुसऱ्याला शिकविताना माझा तोल जातो, हेही मला ठाऊक आहे. पण जनेल ऐकून घेत असे. रिकामी पुंगळी आधी बोटाने तपासायची. तोंडाशी चीर किंवा बुडाशी वितळल्याचा डाग दिसला की ती टाकून द्यायची. मग बुडातली उडालेली टोपी, जी ठिणगी देऊन दारू पेटविते, आतून ठोकून काढायची, फुगलेले पितळी बूड पुन्हा मूळ आकारात दाबायचे, नवी टोपी बसवायची. मग दारू. दारूवर प्लास्टिकचा पांढरा पेला, ज्याला आम्ही वॅड म्हणतो. पेल्यात छर्रे. आणि शेवटी पुंगळीच्या तोंडाच्या पाकळ्या आत मुडपून तोंड बंद करायचे.

हे शेवटचे काम नव्या माणसाला आठवडेच्या आठवडे जमत नाही. पाकळ्या मध्यभागी मिळत नाहीत, छर्रे गळतात. जनेलला ते पहिल्या दिवशी जमले.

"अरे, हे तर पेस्टीची कड मुरडण्यासारखं आहे," ती म्हणाली. पेस्टी म्हणजे आमच्याकडची मांस, बटाटा आणि कांदा भरलेली मोठी करंजी. "आजी म्हणायची, कड सुटली की रस सुटला, आणि रस सुटला की नवरा सुटला."

"आजीचा नवरा सुटला होता का?"

"खाणीत गेला बिचारा. पेस्टी डब्यातच राहिली."

क्लेम दाराशी खुर्ची टाकून बसलेला असे. त्याला हा सारा उद्योग थोडा लाजिरवाणा वाटत असावा, कारण तो सतत थट्टा करी.

"जने, माझ्या काडतुसात बटाटा घालू नकोस हं."

"कांदा घालते. डोळ्यांत पाणी येऊन तबकडी तरी मोठी दिसेल."

"विल्फ, ऐकतोस ना? बापाशी अशी बोलते."

"बापच तसा आहे," मी म्हणालो.

एक गोष्ट मात्र मी थट्टेवर जाऊ दिली नाही. दारूच्या डब्याखाली पितळेची एक लहान पोकळ कडी असते. तिच्या पोटात मावेल तेवढीच दारू दांडा ओढल्यावर खाली पडते. कडी बदलली की माप बदलते. दारू बनविणारे लोक एक पुस्तक छापतात. अमुक पुंगळी, अमुक टोपी, अमुक वॅड आणि अमुक वजनाचे छर्रे असतील, तर दारू कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, हे त्यात दिलेले असते. जास्तीच्या आकड्याला सारे भितात. तो ओलांडला तर बंदूक फुटेल, हे लहान मुलालाही पटते. कमीच्या आकड्याला मात्र कोणी मान देत नाही. लोकांना वाटते, की तो भित्र्या माणसाने भित्र्या माणसासाठी लिहिलेला आहे, आणि कमी दारू म्हणजे अधिक सुरक्षितता. हा समज खोटा आहे. दारूला जळण्यासाठी दाब लागतो. ती फार थोडी असली तर अर्धवट जळते, विशेषतः थंडीत; छर्रे कसेबसे पुढे घरंगळतात, पण वॅड नळीच्या मध्यावर अडकून बसतो. बार झाला असे वाटते, माणूस दुसरे काडतूस घालतो, आणि ते त्या बुचावर आदळून नळी हाताशी फुटते. हलकेपणालाही तळ असतो. त्याच्या खाली गेले, की जे हातात राहते ते काडतूस नसते.

हे मी तिला त्याच शब्दांत सांगितले. तिने विचारले, "म्हणजे तळ कुठला?"

मी बोट ठेवले. त्या पुस्तकातला सगळ्यांत हलका छर्‍यांचा भार आणि त्यावरचे सगळ्यांत लहान माप. त्याची कडी मी स्वतः यंत्रात बसविली, काट्यावर पुन्हापुन्हा तोलून पाहिली, आणि उरलेल्या कड्या डब्यात घालून डबा फळीखाली ठेवला.

ईस्टरनंतरच्या शनिवारी क्लेम तिची काडतुसे घेऊन ओळीत उभा राहिला. मैदान आमचे अगदी साधे आहे. एक पत्र्याची खोली, तबकड्या फेकणाऱ्या यंत्राचा अर्धा जमिनीत पुरलेला कोनाडा, आणि पलीकडे कापणी झालेली शेते आखातापर्यंत. त्या दिवसापासून जनेलने गाडीतले विणकाम सोडले आणि ती बटणाशी येऊन बसली. नेमबाज 'पुल' म्हणाला, की बटण दाबायचे. तबकडी फुटली तर काही बोलायचे नाही, हुकली तर मोठ्याने 'गेली!' म्हणायचे. आमच्याकडे यश मौनाने नोंदविले जाते.

क्लेमने पहिल्या पाच तबकड्या फोडल्या. जनेल गप्प बसून होती, आणि तिचे गप्प बसणे सगळ्या मैदानाला ऐकू येत होते.

"काय घातलंयस गं त्यात?" नेव्ह नोस्केने शेजारून विचारले. हा आमचा क्लबचा कप्तान, जिभेला हाड नसलेला माणूस. "म्हाताऱ्याला एवढं नीट मारताना मी वीस वर्षांत पाहिलं नाही."

"कांदा," क्लेम म्हणाला.

इथे ही गोष्ट संपली असती तर मला ती लिहावी लागली नसती. त्या आठवड्यात जनेल पुन्हा माझ्याकडे आली, आणि या वेळी बसली नाही.

"आणखी हलकं करून दे."

"आणखी हलकं नाही होत."

"त्याचा खांदा काळानिळा झालाय, विल्फ. परवा स्वेटर काढताना मी पाहिला. उजव्या हाताने त्याला किटली उचलवत नाही. मला म्हणतो, झोपेत अंगाखाली आला होता."

"मग त्याने मारू नये."

"हे तू त्याला सांग ना. जा, सांग."

"मी सांगेन. पण जे नाही ते मी भरून देणार नाही. पुस्तकात—"

"तुझं पुस्तक त्याचा स्वेटर काढतं का रे?"

तिचे म्हणणे खरे होते, आणि माझेही. या दोन गोष्टी एकाच वेळी असू शकतात, हे मला तोवर माहीत नव्हते. मी तिला पुन्हा सारे समजावले. दाब, थंडी, अडकलेला वॅड. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरं," आणि गेली. क्लेमकडेही मी गेलो. तो म्हणाला, "खांदा? ठणठणीत आहे. बीअर घेतोस?" आणि ती डाव्या हाताने काढली.

त्यानंतर माझ्या डोळ्यांचे मोतीबिंदू काढायचे होते म्हणून मी बहिणीकडे ॲडलेडला जाऊन राहिलो. एक डोळा, मग दुसरा, मग तपासण्या. जवळजवळ सगळा जून तिथेच गेला. नेव्ह अधूनमधून फोन करी. क्लेम झकास आहे, म्हणे. आता तोंड वेडेवाकडे करीत नाही. तबकड्या जरा जास्त हुकतात, पण खेळून झाल्यावर सगळ्यांबरोबर उभा राहून हसतो, आणि शनिवारी सर्वांत आधी येतो. मला वाटले, खांदा अखेर रुळला. मनात म्हटले, डॉक्टर चुकले असतील, डॉक्टरही चुकतात.

जुलैच्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, पहिल्या शनिवारी मी परतलो. त्या सकाळी आमच्या भागात क्वचितच पडते तसे दव गोठले होते. गवत करकरत होते, पत्र्याच्या खोलीच्या नळाला बर्फाची शेंग लोंबत होती, आणि कुंपणावर गुलाबी काकाकुवे अंग फुगवून मुकाट बसले होते. क्लेमने मला पाहून टोपी काढली.

"नवे डोळे? मग आता तरी मी किती देखणा आहे ते दिसलं का?"

"नाहीस, याची आता तर जास्तच खात्री पटली," मी म्हणालो.

जनेल बटणाशी होती. तिने माझ्याकडे पाहून हात केला आणि लगेच मान खाली घातली. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटले नाही.

क्लेम ओळीत मध्यभागी होता. पहिली तबकडी त्याने फोडली. दुसरी हुकली, जनेल म्हणाली, "गेली!" तिसऱ्या वेळी तो 'पुल' म्हणाला, तबकडी उडाली, आणि बार झाला तो बारासारखा नव्हता. ओल्या गोणीवर काठी मारावी तसा आवाज झाला. बंदुकीने त्याच्या खांद्याला जेमतेम स्पर्श केला. नळीच्या टोकातून काही छर्रे बाहेर पडून समोरच्या गोठलेल्या गवतावर टपटपले; ते मी माझ्या नव्या डोळ्यांनी पाहिले.

"गेली!" जनेल ओरडली.

ओळीतल्या प्रत्येकाने बंदूक उघडून खाली केली. असा आवाज झाला की आमच्याकडे कोणी हुकूम देत नाही. सगळे आपोआप थांबतात. ज्याचा बार असेल त्याने बंदूक उघडायची, रिकामी पुंगळी काढायची आणि नळ्या आकाशाकडे धरून त्यांतून पाहायचे. क्लेमने ते केले. पुंगळी काढताना न जळलेल्या दारूचे पिवळट कण त्याच्या हातावर सांडले. त्याने ते पाहिले, पुसले नाहीत. मग एकावर एक असलेल्या दोन्ही नळ्या वर धरल्या. वरच्या नळीतून उजेडाची गोल चकती त्याच्या गालावर पडली. खालच्या नळीतून काहीच पडले नाही.

तो बराच वेळ तसाच पाहत राहिला, जणू थोडे थांबले तर आकाश दिसेल.

"काय झालं?" जनेलने विचारले. "बाबा? काय झालं?"

मी खोलीतून लाकडी गज आणला, बंदूक त्याच्या हातून घेतली आणि नळीच्या तोंडाकडून गज ठोकला. तिसऱ्या ठोक्याला वॅड मागून निघून माझ्या बुटाशी पडला. पांढरा, जवळजवळ न डागाळलेला. जनेल बटण सोडून आली होती. तिने वाकून तो उचलला, आणि तिला कळले. भरताना प्रत्येक वॅड तिच्या बोटांतून गेलेला होता.

"याच्यावर दुसरा बार उडाला असता तर?" तिने मला विचारले.

मी गज खाली ठेवला. तिला मी ते मार्चमध्ये सांगितले होते.

"तर खांद्याचा प्रश्न कायमचा सुटला असता," नेव्ह म्हणाला. तो असाच बोलतो. घाबरला की जास्तच. कोणी हसले नाही, तेव्हा तो टोपी काढून डोके खाजवू लागला.

"कोणती कडी घातलीस?" मी विचारले.

तिने सांगितले. पुस्तकातल्या मापाखाली ती एकदम उतरली नव्हती. जिना उतरावा तशी, फळीखालच्या डब्यातली एकेक लहान कडी घालत, पायाखाली जमीन लागते का ते चाचपत उतरली होती. प्रत्येक वेळी बाप शनिवारी थोडा कमी कळवळला होता, आणि प्रत्येक वेळी बंदूक उडाली होती. उबदार दिवसांत ती उडत राहिली. मी हे मान्य केले पाहिजे, की तिने जे केले ते अविचाराने केले नव्हते. फक्त जमीन कुठे संपते हे उबदार हवेत कळत नाही.

क्लेमने बंदूक माझ्या हातून परत घेतली.

"विल्फ, तुझी काडतुसं आहेत का जवळ? पुस्तकातली?"

"आहेत."

"दे एक."

मी दिले. न देण्याचा अधिकार मला होता की नाही, यावर मी नंतर पुष्कळ वाद घातला आहे, बहुतेक वेळा एकट्याने. त्याने ते नळीत सरकविले, बंदूक मिटली, पाय रोवले. दस्ता खांद्यावर टेकविताना त्याचे ओठ पांढरे झाले. एवढ्यानेच; अजून बार व्हायचा होता.

"जने, जागेवर जा."

ती बटणाशी जाऊन बसली. आम्ही मागे सरलो.

"पुल!" क्लेम म्हणाला.

तबकडी आली नाही.

नियमाप्रमाणे अशा वेळी बंदूक खाली करून थांबायचे असते. त्याने खाली केली, थांबला, पुन्हा वर केली. या वेळी ती वर जायला अधिक वेळ लागला.

"पुल!"

जनेल दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. बटण तिच्या पुढ्यात, वायरीच्या टोकाला पडलेले.

"दाब की गं."

"नाही दाबणार."

"जने, सगळे खोळंबलेत."

"खोळंबू देत. मी नाही दाबणार, बाबा. तुला जे करायचं ते कर."

नेव्ह पुढे झाला. "मी दाबतो, क्लेम. त्यात काय एवढं. सरक गं पोरी."

क्लेमने बापाच्या नव्हे, कप्तानाच्या आवाजात, म्हणजे तो स्वतः क्लबचा कप्तान असतानाच्या जुन्या आवाजात, म्हटले, "राहू दे, नेव्ह." आणि मग बंदूक उघडली, काडतूस काढले आणि मला परत दिले. ते माझ्या हातात थंडच होते.

पत्र्याच्या खोलीत पेस्ट्या गरम होत होत्या. नेव्हने त्याला बाजूला घेऊन काय सांगितले ते मला ऐकू आले, कारण नेव्हला हळू बोलता येत नाही. तू येत जा, म्हणाला. गुण लिही, ओळ सांभाळ, नव्या पोरांना शिकव. माणसं काय बंदुकीसाठीच येतात का? क्लेमने त्याचे सगळे ऐकून घेतले.

"दुसऱ्यांनी फोडलेल्या तबकड्या मोजू?" तो म्हणाला. "नको रे बाबा. ते मला जमायचं नाही." ते त्याने इतक्या सौम्यपणे म्हटले, की नेव्हला पुढे वाद घालायला जागा उरली नाही. मला तर वाद घालायची सवयच. पण मी उठून पेस्ट्या गरम झाल्या का ते पाहू लागलो.

भरलेली काडतुसे घरात ठेवणे योग्य नव्हते. ती कोणाला देता येत नाहीत, कचऱ्यात टाकता येत नाहीत, आणि उडविता तर मुळीच येत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी क्लेमच्या शेडमध्ये गेलो. जनेलने खोकी बाहेर काढून ठेवली होती. सगळा हिवाळा पुरतील एवढी तिने भरली होती. आम्ही समोरासमोर बसून ती एकेक करून उघडू लागलो. पातळ सुरीने तोंडाखाली गोल काप द्यायचा, छर्रे एका डब्यात ओतायचे, वॅड काढायचा, दारू पाण्याच्या बादलीत झटकायची. शेवटी टोपी तेवढी पुंगळीत राहते. ती तेलात बुडवून ठेवायची. भरायला जितका वेळ लागतो त्याहून उघडायला अधिक लागतो. कोणतीही कड सुटलेली नव्हती. पाकळ्या इतक्या नेटक्या मिटलेल्या होत्या, की त्यांवर सुरी चालवताना मला संकोच वाटला.

"एवढी सुंदर काडतुसं या गावात कोणी भरलेली नाहीत," मी म्हणालो. ते खरे होते, म्हणून म्हणालो.

"गप बस, विल्फ."

मी पुढची पुंगळी उचलली.

थोड्या वेळाने क्लेम दाराशी आला. डाव्या हातात चहाचा एक कप होता. तो त्याने माझ्यापुढे ठेवला आणि परत गेला. मग जनेलचा घेऊन आला. मग स्वतःचा. दरवेळी आत जाऊन, अंगण ओलांडून, एक कप. उजवा हात स्वेटरच्या खिशात घातलेला होता. आम्हांपैकी कोणी मदतीला उठले नाही, कारण उठलो असतो तर तो खाली बसला नसता.

तो बसला. एक पुंगळी उचलून त्याने तिचे तोंड बोटाने चाचपले.

"हलकी झालीत, हे मला कळलं नव्हतं असं वाटतं की काय तुम्हांला?" तो म्हणाला. "सत्तर वर्षांत मी ऐंशी प्रकारचे धक्के खाल्लेत. मेच्या शेवटालाच कळलं."

जनेलची सुरी थांबली. "मग बोलला का नाहीस?"

"तू बोलली होतीस?"

"तुला लागत होतं."

"हो ना. आणि मग लागेनासं झालं." त्याने चहाचा घोट घेतला. "मला वाटलं, चालतील तितके शनिवार चालवावेत. बोललो असतो तर विल्फने पुस्तक काढलं असतं."

"मी काढलंच असतं," मी म्हणालो.

"तेच तर."

जनेल म्हणाली, "बाबा, मी पुन्हा नीट भरीन. थोडं वेगळं काही असेल. दुसरी दारू असेल. विल्फ, असेल ना? सगळ्या जगात कोणीतरी काहीतरी हलकं बनवत असेल."

ती माझ्याकडे पाहत होती. क्लेम पाहत नव्हता. तो पुंगळीच्या पाकळ्या नखाने उलगडायचा प्रयत्न करीत होता, एका हाताने, आणि ते होत नव्हते. मी त्या पुस्तकाचे प्रत्येक पान वाचलेले आहे. जगातल्या पुस्तकांविषयी मला बोलता येणार नाही. पण ज्या खांद्याला दस्ता नुसता टेकलेलाही सोसत नाही, त्याच्यासाठी कोणत्या पुस्तकात काय लिहिलेले असणार?

"नाही," मी म्हणालो.

ती पुन्हा सुरी चालवू लागली. छर्रे डब्यात पडत राहिले. आता डब्याचा तळ झाकला गेला होता, म्हणून त्यांचा आवाज येईनासा झाला होता.

"अजून किती राहिलीत?" क्लेमने विचारले.

"पुष्कळ," ती म्हणाली.

"मग चहा घ्या आधी. निवतोय."